खंडेनवमीला घेतलेलं मशीन

मला लाकूडकाम करायचं आहे, हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. बायकोलासुद्धा नंतर कळलं. तो माणूस म्हणजे मारुतीराव.

सांगायला लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं, पण मला वाटायची. कॉलेजच्या लायब्ररीत मी छत्तीस वर्षं पुस्तकं दिली आणि परत घेतली. हातानं काही घडवलं नाही. वडील वडगावातले विणकर. लहानपणी मी मागावर बसलो की धागा तुटायचा. एकदा ते म्हणाले, "तू आपला शीक बाबा," आणि मी शिकलो. पुढे लायब्ररीत सुतारकामावरची चार-पाच पुस्तकं आली, ती कुणीच नेत नसे, म्हणून मीच नेली. सांधे कसे करायचे, रंधा कसा धरायचा, हे सगळं मला तोंडपाठ झालं. एक खिळा कधी सरळ ठोकला नाही, तो भाग वेगळा.

मारुतीराव उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळायचे. यंत्रांतलं मला जे काही विचारायचं असे ते मी त्यांनाच विचारायचो. रोज संध्याकाळी सहाला माझ्या घरी यायचे, चहा प्यायचे, एक पुस्तक न्यायचे, आधीचं परत आणायचे. चाळीस वर्षं. या उन्हाळ्यात कणकुंबीकडच्या एका ओळखीच्या माणसानं जुनं घर उतरवलं, तेव्हा त्यानं मला फणसाच्या आठ फळ्या दिल्या. त्या दिवशी धीर करून मी म्हणालो, "मारुतीराव, मला पुस्तकांचं कपाट करायचंय. स्वतः."

ते हसले नाहीत. मला तेच फार वाटलं.

"करा की," ते म्हणाले. "खरं ह्या वयात हातकरवत घिऊन बसू नगा, खांदा जाईल. जुनं सर्कल मशीन बघू या."

"टेबल सॉ?"

"पुस्तकात टेबल सॉ. बाजारात सर्कल."

लोखंडी टेबल, त्याच्या मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटर. लाकूड टेबलावरून पुढे ढकलायचं, ते कापलं जातं. चित्रात मी ते शंभर वेळा पाहिलं होतं.

चार महिने त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मला वाटलं, त्यांना ते पटलं नसावं. मग आश्विन लागला आणि एक दिवस म्हणाले, "अण्णा, मशीन हाय. निपाणीत, आमच्या व्याह्यांकडं. शामूअण्णांनी धंदा बंद केलाय. खंडेनवमीला जाऊ. हत्यार घ्यायला त्येच्यासारखा दिस न्हाय."

मारुतीरावांची एकुलती एक मुलगी प्रियदर्शनी निपाणीला दिलेली. शामूअण्णा तिचे सासरे. म्हणजे घरचाच व्यवहार. मला बरं वाटलं.

खंडेनवमीला निपाणीत गेलो तेव्हा रस्त्यावरच्या रिक्षांनाही झेंडूच्या माळा होत्या. शामूअण्णांच्या शेडमध्ये मशीन मधोमध ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, टेबलावर हळदीकुंकवाचे पट्टे, पात्याला हार, पुढे फोडलेला नारळ. टेबलाच्या खालच्या भागाला चारी बाजूंनी नवा हिरवा खण गुंडाळला होता. उदबत्ती जळत होती.

"बगा, घ्या बगून," शामूअण्णा म्हणाले. "लेकरासारखं सांभाळलंय. आज चालवून दाखवता येत न्हाय, तेवढं समजून घ्या. तुमीबी मागवाल्यांच्या घरचं."

"असं कसं, असं कसं," मीच म्हणालो.

आमच्या घरी खंडेनवमीला मागाला हात लावत नसत. सात वर्षांचा असताना त्या दिवशी मी गंमत म्हणून धोटा सरकवला होता. वडिलांनी मारलं नाही. ते मागापुढे बसून राहिले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. ही गोष्ट मी मारुतीरावांना कधीतरी सांगितली होती. पूजेला बसलेलं हत्यार चालवून दाखवा असं म्हणणं, त्याचा खण वर करून आत डोकावणं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं, आणि हे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी मात्र हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी टेबलाला लांबून नमस्कार केला. मारुतीराव बाजूला उभे राहून केळीचं पान चुरगाळत होते.

"उद्या दसरा," शामूअण्णा म्हणाले. "घरी न्या, घरीच चालू करा. सोनं झालं."

दसऱ्याला टेम्पोतून मशीन वडगावात आलं. वडिलांचे माग जिथं होते त्या शेडमध्ये उतरवलं. माझ्या बायकोनं, इंदूनं ओवाळलं आणि मग मला म्हणाली, "बोटं दहा आहेत, दहाच राहू देत."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. आधी टेबल पाणसळीत घेतलं, पायांखाली पत्र्याच्या चकत्या घातल्या. मग पातं टेबलावर शेजारीच असलेल्या सरळ खाचेला समांतर आहे का ते बघायचं. त्याची रीत सोपी आहे. वायर काढून ठेवायची, पात्याच्या एका दातावर खूण करायची, तो दात पुढे आणून खाचेपासूनचं अंतर मोजायचं, मग पातं फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. नाही आली तर लाकूड पात्याच्या मागच्या कडेला अडकतं आणि उलटं फेकलं जातं.

माझी मापं दोन मिलिमीटरनी चुकली. मी खालचे बोल्ट ढिले केले, पातं सरळ केलं, आवळले. सारखी आली. मशीन पाच मिनिटं चालवलं, बंद केलं, मोजलं. पुन्हा दोन मिलिमीटर.

चार दिवस हेच चाललं. रोज सरळ करायचं, रोज ते तिरकं व्हायचं. पट्टी बदलली. चष्मा बदलला. पुस्तकातलं ते पान इतक्यांदा वाचलं की आपण वाचतोय ते खरं आहे की नाही, अशीच शंका यायला लागली. मारुतीराव त्या आठवड्यात येत नव्हते, गुडघा दुखतोय म्हणाले. मी फोन केला.

"मापं राहत नाहीत हो. चालवलं की पातं सरकतंय."

"पातं कसं सरकंल?" ते म्हणाले. "अण्णा, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय न्हवं गेल्या साली? बगण्यात फरक पडत असंल."

मला ते पटलं. माझ्याबद्दल कुणी असं काही म्हटलं की मला ते पटतंच.

म्हणून पाचव्या दिवशी मी मापाचा नाद सोडला आणि एक फळी लावली. मधोमध लांबीत कापायची. सुरुवात छान झाली. भुशाचा तो वास, पिवळा रंग. खरंच सांगतो, मला रडू येईल असं वाटलं. अर्ध्यावर गेल्यावर फळी अडकली, थरथरली आणि मागे सुटली. ती माझ्या कमरेच्या बाजूला लागली आणि मागच्या भिंतीवर आदळली. मी खाली बसलो. पातं फिरतच होतं. बटणापर्यंत हात पोचायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही.

इंदूला मी पाय घसरला म्हणून सांगितलं. मारुतीरावांना मात्र खरं सांगितलं.

फोनवर त्यांनी आधी फळीची जाडी विचारली. मग म्हणाले, "लई लागलं काय?"

"काळंनिळं झालंय. वीतभर वर लागलं असतं तर बरगडी गेली असती."

 मग म्हणाले, "ढकलताना हात थरथरला असंल. सवय न्हाय तुमाला. दोन दिस दमानं घ्या."

बरगडीचा विषय मी पुन्हा काढला नाही. पण मोटरचा पट्टा तरी नवा घालावा म्हणून उद्यमबागेतल्या एका दुकानात गेलो. तिथं भरमू नावाच्या फिटरचा नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पन्नाशीचा, बोलका माणूस. वाकून मशीनखाली बॅटरी मारली आणि लगेच बाहेर आला.

"ही तर माझी ओळखीची बाई," तो म्हणाला.

"म्हणजे?"

त्यानं स्क्रूड्रायव्हरनं आतला एक जागचा रंग खरवडला. पात्याचा शाफ्ट ज्या बिडाच्या ब्रॅकेटवर बसतो त्यावरचा. रंगाखालून लांबी, म्हणजे पुट्टी निघाली, लांबीखालून भेग. केसासारखी नव्हे, चांगली नख जाईल अशी. तिच्या टोकाला एक बारीक भोक होतं.

"ह्ये भोक माझं," भरमू म्हणाला. "भेग फुडं सरकू नये म्हणून पाडतात. श्रावणात मारुतीराव ह्यो ब्रॅकेट पिशवीत घालून आलते. वेल्डिंग हुतंय का म्हणाले. म्या सांगितलं, बीड हाय, धरत न्हाय. पट्ट्यानं वढलं की भेग उघडतीया, पातं तिरकं हुतंया. भंगारात घाला म्हटलं, न्हायतर कुणाच्या तरी पोटात फळी घुसंल. त्ये तुमास्नी बोलले न्हाईत?"

मी म्हणालो, "बोलले होते. माझ्याच लक्षात राहिलं नाही."

का म्हणालो कोण जाणे. बहुतेक मला भरमूच्या चेहऱ्यावरची कीव नको होती. भरमूनं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला, आणि जाताना म्हणाला, "अण्णा, वायर काढून ठेवतो. लावू नगा."

त्यानंतर दोन तास मी शेडमध्ये बसून होतो. मोजत होतो, पण दाताचं अंतर नव्हे. श्रावणात त्यांना कळलं होतं. खंडेनवमीचा दिवस त्यांनी ठरवला होता. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला तेच मला दवाखान्यात घेऊन गेले होते.

दोन दिवसांनी, सहाच्या सुमाराला मारुतीराव आले. हातात पुस्तक होतं. मी शेडमध्येच होतो. त्यांचं लक्ष मशीनखाली गेलं, खरवडलेल्या जागेवर. खण मी काढून घडी करून ठेवला होता.

"कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"भरमू आला होता."

ते स्टुलावर बसले. गुडघा दुखत असावा, निदान तसे बसले. "व्याही हायत अण्णा. लेक दिलीया त्या घरात. शामूअण्णा म्हणाले, तुमच्या वळखीत बगा कुणीतरी. न्हाय कसं म्हणू? तिला बोलून दाखवत्यात तिथं."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी तसंच घेतलं असतं."

हे मी खरं बोललो. त्यांनी सांगितलं असतं तर मी मशीन घेतलं असतं, हार घालून कोपऱ्यात ठेवलं असतं, आणि त्यांच्या लेकीचं काम झालं म्हणून समाधान मानलं असतं.

"सांगणार हुतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "खरं सांगू? मला वाटलं तुमी चालवणारच न्हाय. म्हटलं, घरी न्याल, पूजा कराल, शेजारी पुस्तक उघडून बसाल. तुमी फळी लावाल असं माझ्या सपनातबी आलं न्हाय."

भेगेचं मला एवढं लागलं नाही. हे लागलं. उन्हाळ्यात ते हसले नव्हते, ते का नव्हते हे मला आत्ता कळलं. माझ्याबद्दल मी रोज जे मनात म्हणत आलो, तेच त्यांनी चाळीस वर्षं मनात धरलं होतं. फक्त मला वाटायचं, निदान एक माणूस तसं म्हणत नाही.

"गिऱ्हाईक हाय एक," ते उठत म्हणाले. "सदलग्याचा परसू म्हणून सुतार हाय. रविवारी आणतो. तुमचं पैसं सुटतील, विषय मिटला. तुमी कायबी बोलू नगा, म्हंजे झालं. तसंबी तुमी कुठं बोलता."

मी बोललो नाही. त्यांनी तो होकार धरला. पुस्तक टेबलावर ठेवून दुसरं न घेता गेले.

रविवारी सकाळी मी शेड उघडलं तेव्हा भरमूनं काढलेली वायर जोडलेली होती, भेगेवर ताजी लांबी होती आणि वरून रंगाचा हात. शेडला मागून दार आहे, ते कसं उघडतं हे मारुतीरावांना ठाऊक. चाळीस वर्षांत आमच्या घरातलं त्यांना काय ठाऊक नव्हतं!

दहाला ते परसूला घेऊन आले. परसू तिशीतला, रुंद खांद्यांचा, वाकून नमस्कार करणारा. टेबलावरून त्यानं तळहात फिरवला.

"चांगलं जड हाय," तो म्हणाला. "दारं-चौकटी करतो आमी, आजोबा. मी आन माझा थोरला भाऊ. चालू करून बगू या की."

"लाईट न्हाय," मारुतीराव म्हणाले.

नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरात इंदूनं मिक्सर लावला. चटणीचा आवाज शेडपर्यंत आला.

परसू हसला. "मग आजी चटणी हातानं वाटत्यात व्हय?"

"घरात हाय, शेडला न्हाय. ह्यो फेज गेलाय. सकाळधरनं न्हाय." मारुतीराव माझ्याकडे वळले. "न्हवं, अण्णा?"

त्यांनी मला नुसतं गप्प बसायला सांगितलं असतं तर कदाचित मी बसलो असतो. गप्प बसणं मला येतं. पण हो म्हणायला लावलं. भिंतीवरच्या पेटीत फ्यूजची जागा रिकामी होती, आणि मारुतीरावांच्या सदऱ्याचा खिसा एका बाजूला खाली आला होता.

"फ्यूज मारुतीरावांच्या खिशात आहे," मी म्हणालो.

माझा आवाज मला ओळखू आला नाही. परसूला वाटलं, मी चेष्टा करतोय. तो पुन्हा हसला, मग मारुतीरावांकडे बघून हसायचा थांबला. मी खाली वाकलो, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ओली लांबी काढली. माझी बोटं रंगानं हिरवी झाली. परसू शेजारी गुडघ्यावर बसला, भेगेत त्यानं नख घातलं.

"आयला," तो हळूच म्हणाला. "ह्येच्यावर माझा भाऊ उभा ऱ्हाणार हुता." मग उठला, हात पुसले, आणि मारुतीरावांना काही न बोलता, मला नमस्कार करून गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

मारुतीरावांनी खिशातून फ्यूज काढून टेबलावर ठेवला.

"चाळीस साल," ते म्हणाले. "चाळीस सालांत एक काम मागितलं तुमच्याकडं. आन परक्या मानसाफुडं मला नागडं केलासा."

"त्याला फळी लागली असती, मारुतीराव."

"तुमाला लागली तवा तुमी त्या भरमूला काय म्हणालासा? भरमूनं सांगितलं मला. बोलले होते म्हणालासा. माझी अब्रू राखलासा. मग आज काय झालं?"

माझ्यासाठी मी बोलू शकलो नाही, दुसऱ्यासाठी बोललो, हेच खरं असेल. किंवा फ्यूज खिशात आहे एवढ्याचाच मला राग आला असेल. मी रंगलेली बोटं धोतराला पुसत राहिलो.

"निपाणीत कळंल आता," ते म्हणाले. "माज्या लेकीला ऐकून घ्यावं लागंल. तुमच्या ह्या खरेपणापायी." दारापाशी थांबून म्हणाले, "वाचा आता. बसा वाचत."

त्या आठवड्यात भरमूनं माणसं आणून मशीन भंगारात नेलं. फाउंड्रीत वितळवतात, तो म्हणाला. शेडमध्ये चार पायांचे ठसे राहिले.

मी इंदूला सगळं सांगितलं, फळी लागल्यासकट. ती भाजी निवडत होती. शेवटी मी विचारलं, "चुकलं का माझं?"

"कुठलं?" ती म्हणाली. "घेताना चुकलं ते, का सांगताना चुकलं ते?"

मला दोन्हीचा निकाल हवा होता. तिनं एकाचाही दिला नाही.

संध्याकाळी सहाला मी बाहेरच्या खोलीत बसत होतो, वाट बघत नव्हतो असं म्हणायला आवडेल. गल्लीत कुणी विचारलं, मारुतीराव दिसत न्हाईत, की मी सांगायचो, गुडघा दुखतोय त्यांचा. खोटं बोलायला सोपं जात होतं. रागही येत होता, बराच. पण तो पुस्तक उघडून बसल्यावर यायचा, माणूस समोर असता तर आला असता की नाही, सांगता येत नाही.

दिवाळी आली. इंदूनं दर वर्षीप्रमाणे फराळाचा डबा भरला, चकली, करंजी, अनारसे. "त्यांच्याकडं पाठवू ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे माझं मलाच नक्की नव्हतं. तिनं ती हो धरली आणि स्वतः देऊन आली. डबा मारुतीरावांच्या बायकोनं, नागुबाईंनी घेतला; मारुतीराव आत झोपलेत म्हणाल्या.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी नागुबाई आल्या. त्यांनी डबा कट्ट्यावर ठेवला. "या की आत," इंदू म्हणाली. "न्हाय गं, कामं पडल्यात," असं म्हणून त्या वळल्यासुद्धा.

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दोन लाडू, नाहीतर चार बत्तासे, घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. मी इंदूच्या आधी उठलो आणि झाकण काढलं. डबा घासून, कोरड्या फडक्यानं पुसून आणला होता. आत साखरेचा कणही नव्हता.